वारा विजेच्या आधी येतो: नागपूरच्या एप्रनवरचं एक प्रकरण

हे प्रकरण नागपूर विमानतळाच्या एप्रनवरचं, म्हणजे विमानं उभी करून प्रवासी आणि सामान चढवतात-उतरवतात त्या पटांगणावरचं, मे महिन्यातल्या एका संध्याकाळचं आहे. विमान कंपनी, ग्राउंड हँडलिंग संस्था (जमिनीवर विमानाची चढ-उतार आणि सामान सांभाळणारी), बेचा (विमान उभं करायच्या ठरलेल्या जागेचा) क्रमांक आणि तारीख वगळली आहे. ओळख पटेल असे इतर तपशीलही बदलले आहेत. सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार, चोवीस तासांच्या घड्याळात दिल्या आहेत.

कोणाला इजा झाली नाही. एका विमानाला दरवाजाजवळ पोचा पडला, ते रात्रभर जमिनीवर राहिलं आणि १६४ प्रवाशांना दुसऱ्या विमानाची वाट पाहावी लागली. नुकसान एवढंच. तरीही प्रकरण सविस्तर मांडण्याचं कारण असं, की इशारा अर्धा तास आधी आलेला होता, माणसं अनुभवी होती, साधनं जागेवर होती, आणि शिडी सुटायची ती सुटलीच.

पार्श्वभूमी

सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाची धावपट्टी १४/३२, लांबी ३,२०० मीटर. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र विमानतळालगतच आहे आणि नागपूरला डॉप्लर रडारही आहे. त्यामुळे वादळाची खबर मिळण्यात इथे सहसा अडचण येत नाही.

अडचण वादळांच्या स्वभावात आहे. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत विदर्भात ऊन तापत जातं, मे महिन्यात पारा ४३-४५ अंशांपर्यंत चढतो, खालची हवा कोरडी ठणठणीत असते आणि ढगाचा तळ जमिनीपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून वर असतो. ढगातून सुटलेला पाऊस वाटेतच वाळतो. त्या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता आजूबाजूच्या हवेतूनच खेचली जाते, हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. जमिनीवरच्या माणसाला पाऊस दिसत नाही, वीजही अजून लांब असते, पण वारा येऊन पोचलेला असतो. पसरणाऱ्या या गार हवेची आघाडी कधीकधी पावसाच्या गाभ्यापुढे दहा-पंधरा किलोमीटर धावते.

हवामानशास्त्रात झंझावाताची व्याख्या ठरलेली आहे: वाऱ्याचा वेग अचानक किमान १६ नॉट्सनी वाढून २२ नॉट्स किंवा त्यावर जावा आणि निदान एक मिनिट तिथे टिकावा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. आकडे ऐकायला किरकोळ वाटतात, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. एप्रनवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एक गणित पाठ करावं, कारण २४ नॉट्सला जेमतेम जागेवर राहिलेली वस्तू ४८ नॉट्सला राहत नाही.

त्या दिवशी एप्रनवर काय होतं

हँडलिंग संस्थेकडे दोन ए-३२० विमानं होती. पहिलं १७:०० ला सुटणारं, दूरच्या बेवर उभं, प्रवासी बसने नेऊन पुढच्या-मागच्या दोन्ही दरवाजांना शिड्या लावून चढवायचे. दुसरं सुट्या भागाची वाट पाहत सकाळपासून उभं, टाक्यांत जेमतेम इंधन, म्हणजे हलकं. तिसरं विमान १६:५० ला उतरणार होतं. पाळीवर एक शिफ्ट इन्चार्ज, एक रॅम्प (म्हणजे एप्रनवरचा) सुपरवायझर आणि नऊ कामगार. साधनांमध्ये ओढायच्या तीन शिड्या, दोन टग (ओढणारी छोटी वाहनं), चौदा बॅगेज ट्रॉल्या, एक बेल्ट लोडर (सामान चढवायचा सरकता पट्टा), एक जीपीयू (उभ्या विमानाला वीज पुरवणारं यंत्र) आणि कोन, चॉक (चाकांना लावायचे अडसर), ताडपत्र्या असा नेहमीचा पसारा.

संस्थेच्या नियमपुस्तकात वाईट हवामानाचा एकच पक्का टप्पा होता: आठ किलोमीटरच्या आत वीज आली की एप्रनवरचं काम थांबवून सगळ्यांनी आत यायचं. वाऱ्याबद्दल एक वाक्य होतं, "जोराच्या वाऱ्यात साधनं सुरक्षित करावीत". जोराचा म्हणजे किती, कोणी ठरवायचं आणि कधीपासून, याचा उल्लेख नव्हता.

पहिला निर्णय: इशारा आल्यावर, १६:०५

१६:०५ ला हवामान कार्यालयाने एरोड्रोम वॉर्निंग काढली: गडगडाटासह वादळ, वायव्येकडून ४० नॉट्सपर्यंत झोत. त्या क्षणी रडारवर वादळाचा गाभा कोंढाळीच्या अलीकडे, विमानतळापासून साधारण ४० किलोमीटरवर होता आणि ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेगाने पूर्वेकडे सरकत होता.

इशारा हँडलिंगच्या ऑफिसात दोन मिनिटांत पोचला. तिथून रॅम्पवर जायला मात्र आणखी अकरा मिनिटं लागली. ऑफिसातल्या माणसाने मजकूर जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. त्यात वैधता "१०४० ते १३४०" अशी होती, कारण विमान हवामानाचे सगळे संदेश जागतिक प्रमाणवेळेत निघतात आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. रॅम्पवरच्या दोघांनी तो सकाळी पावणेअकराचा शिळा संदेश समजून पुढे सरकवला. १६:१८ ला सुपरवायझरने फोन करून विचारलं, तेव्हा खुलासा झाला. हा दोष वाचणाऱ्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. टगवर बसलेल्या माणसाला डोक्यात साडेपाच तास मिळवायला लावणारा संदेश अर्धवटच पोचलेला असतो.

शिफ्ट इन्चार्जपुढे तीन वाटा होत्या. पहिली, चढणं सुरूच करायचं नाही आणि शिड्या लावायच्याच नाहीत. दुसरी, काम चालू ठेवायचं आणि विजेची सूचना आली की थांबायचं. तिसरी, उड्डाणाला लागणारी साधनं वगळून बाकी सगळा पसारा लगेच आवरायचा आणि शिड्यांबाबत पंधरा मिनिटांनी पुन्हा विचार करायचा.

दुसरी वाट निवडली गेली. त्या आठवड्यात असेच तीन इशारे येऊन गेले होते आणि तिन्ही वेळा वादळ उत्तरेकडून, काटोल-सावनेरच्या बाजूने निघून गेलं होतं. उड्डाण वेळेवर सुटायला हवं होतं. आणि वीज जवळ येण्याआधी काम थांबवा, असं नियमपुस्तक म्हणतच नव्हतं. निर्णय नियमात बसणारा होता, म्हणून त्यावर कोणी प्रश्न विचारला नाही.

याच वेळी, शंभरेक मीटरवर, दुसऱ्या विमानाचा एएमई, म्हणजे देखभाल इंजिनिअर, वेगळं वागला. त्याच्या कंपनीच्या देखभाल पद्धतीत वाऱ्याची तयारी विजेला नव्हे, इशाऱ्याला बांधलेली होती. इशारा आला की कृती, वादळ येवो न येवो. त्याने १६:१० ला नाकाच्या आणि दोन्ही मुख्य चाकांना पुढून-मागून चॉक लावले, पार्किंग ब्रेकचा दाब तपासला, सगळे दरवाजे आणि पॅनेल बंद केले, विमानाजवळचे स्टँड आणि ट्रॉली हटवल्या, इंजिनाच्या कव्हरांचे पट्टे घट्ट ओढून पाहिले. एक पट्टा सैल निघाला तेव्हा त्या बाजूचं कव्हर काढूनच ठेवलं, कारण सैल कव्हर वाऱ्यात सुटलं की तेच दुसऱ्या विमानावर जाऊन आपटतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. त्या विमानाला पुढे काहीही झालं नाही.

दुसरा निर्णय: बस थांबवायची की नाही, १६:३२

१६:२० ला चढणं सुरू झालं. पहिल्या बसचे ५८ प्रवासी आत गेले. त्या दरम्यान वारा साफ पडला होता. दिवसभर पश्चिमेकडून ८ नॉट्सनी वाहणारी झळ एकदम थांबली. १६:३० च्या सुमारास पश्चिमेला जमिनीलगत तांबूस भिंत दिसू लागली. टगचालक सुपरवायझरला म्हणाला, "भाऊ, वावधान येऊन राह्यलं, पाहा तिकडं."

दुसरी बस ५२ प्रवासी घेऊन निघालेली होती. चढवून टाकायचे, बसमध्येच थांबवायचे की परत पाठवायचे? चढवायला सात-आठ मिनिटं लागली असती आणि तेवढा वेळ शिडीवर सतत माणसं राहिली असती. ए-३२० च्या दरवाजाचा उंबरठा जमिनीपासून साधारण ३.४ मीटरवर असतो. तिथे लहान मुलाला कडेवर घेतलेली बाई किंवा म्हातारा माणूस असताना ३०-४० नॉट्सचा झोत आला, तर पुढचा विचारच नको. सुपरवायझरने १६:३२ ला बस परत गेटवर पाठवली आणि शिडीवरच्या शेवटच्या चौघांना आत घेतलं. कोणाला विचारलं नाही, परवानगीची वाट पाहिली नाही. आमच्या मते त्या संध्याकाळचा हा सर्वांत चांगला निर्णय होता, आणि नऊ मिनिटांनी विजेची सूचना आली तेव्हा तो किती वेळेत घेतला गेला हे कळलं.

इंधन भरणं १६:१५ लाच संपलं होतं, हेही बरं झालं. प्रवासी आत असताना इंधन भरत असाल तर बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे ठेवावे लागतात. शिड्या काढायच्या तर आधी इंधन थांबवून होज सोडवावा लागला असता, आणि त्यात आणखी काही मिनिटं गेली असती.

तिसरा निर्णय: शिड्या काढायच्या, पण कोणत्या क्रमाने

१६:३३ ला सुपरवायझरने दोन्ही शिड्या काढायला सांगितलं. दरवाजे बंद करण्यात अडचण नव्हती. ए-३२० चे प्रवासी दरवाजे ६५ नॉट्सपर्यंत हाताळता येतात. सामानाच्या कक्षाच्या दारांची मर्यादा ४० नॉट्सची आहे, दार वाऱ्याच्या आडोशाला असेल तर ५०. ही दारं विमानाच्या उजव्या अंगाला असतात आणि वारा डावीकडून येणार होता. ती आधीच बंद करून घेतली होती.

ओढायची शिडी जागेवर कशी राहते, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. चार कोपऱ्यांवरचे जॅक जमिनीला टेकलेले असतात, चाकांखाली चॉक असतात आणि ओढदांडा उभा असतो. या शिड्यांत दांडा उभा असेपर्यंत चाकांचा ब्रेक लागलेला राहतो. टगला जोडण्यासाठी दांडा आडवा केला की ब्रेक सुटतो. म्हणजे जॅक वर, चॉक बाहेर, दांडा खाली आणि टग अजून जोडलेला नाही, अशी एक अवस्था शक्य असते, ज्यात शिडीला धरून ठेवणारं काहीच नसतं.

नेहमीच्या हवेत ही अवस्था पंधरा-वीस सेकंद टिकते आणि काही बिघडत नाही. म्हणून सवय पडलेली असते: टग मागे येईपर्यंत आपण जॅक उचलून ठेवू, वेळ वाचेल. मागची शिडी अशीच काढली गेली आणि ती सुखरूप निघाली. पुढच्या शिडीला टगचालक ओरडला, "आधी मी हुक लावतो, मग उचला ना जॅक!" वाऱ्याचा आवाज वाढला होता, ते ऐकू गेलं नाही. जॅक उचलले गेले, चॉक निघाले, दांडा खाली आला. टगचा हुक आणि दांड्याचं कडं यांत हातभर अंतर राहिलं होतं.

१६:३६ ला आघाडी पोचली. धावपट्टीच्या वातमापकावर दोन मिनिटांत ३१ नॉट्स आणि १६:३८ ला ४८ नॉट्सचा झोत नोंदला गेला. शिडीचं छत, कठडे आणि बाजूचे पत्रे मिळून ८-९ चौरस मीटर धरले, तर ४८ नॉट्सला तिच्यावर ३०० किलोच्या आसपास रेटा येतो. दोन टनांची शिडी चाकांवर मोकळी असेल तर सपाट काँक्रीटवर ती हलायला चाळीसेक किलोही पुरतात. पहिल्या ३१ नॉट्सच्या झोतातच ती सरकली. छताचा भाग उंच आणि एका बाजूला असल्याने ती सरळ न जाता फिरली. प्लॅटफॉर्मच्या पुढच्या कडेला रबरी बंपर असतो, पण शिडी तिरपी झाल्यामुळे बंपर बाजूला राहिला आणि कठड्याचं लोखंडी टोक दरवाजाच्या उंबरठ्याखाली साधारण ३० सेंटिमीटरवर विमानाच्या अंगाला लागलं.

शिडीजवळच्या दोघांनी ती हाताने अडवायचा प्रयत्न केला नाही. सुपरवायझरने "सोडा, बाजूला व्हा" म्हटलं आणि ते झाले. हाताने अडवताना माणूस शिडी आणि विमानाच्या मध्ये सापडला असता.

चौथा निर्णय: सगळे आत, १६:४१

विजेची सूचना १६:४१ ला आली. वाऱ्याची आघाडी येऊन पाच मिनिटं झाली होती, सर्वांत मोठा झोत तीन मिनिटांपूर्वी होऊन गेला होता. नियमपुस्तकाने ज्या खुणेची वाट पाहायला सांगितली होती, ती नुकसान होऊन गेल्यावर आली.

तोवर ताडपत्री फडफडणारी एक रिकामी ट्रॉली, दांडा नीट उभा न केलेली, सुटून जीपीयूच्या दिशेने निघाली होती. दोन कामगार तिच्यामागे जाऊ पाहत होते. सुपरवायझरने त्यांना परत बोलावलं. ट्रॉली सत्तरेक मीटर जाऊन उभ्या जीपीयूला धडकली, दोन्हींचा पत्रा चेपला. पत्रा दुरुस्त होतो. उघड्या एप्रनवर, लोखंडाच्या मागे, विजेत पळणाऱ्या माणसाची जोखीम घ्यायची नाही, हा निर्णय बरोबरच होता. कॉकपिटशी हेडसेटने जोडलेल्या मेकॅनिकलाही वायर काढून आत यायला सांगितलं गेलं. विमानावर वीज पडली तर ती त्या वायरीतून माणसापर्यंत पोचू शकते. त्यानंतर आतल्या ५८ प्रवाशांशी संपर्क फक्त रेडिओवर राहिला.

धावपट्टीची बाजू

इथे फार सांगण्यासारखं नाही, कारण इथे सगळं जागच्या जागी झालं. उतरणाऱ्या विमानाने १६:३४ ला वाट पाहण्याच्या घिरट्या सुरू केल्या आणि १७:३१ ला ते उतरलं. वारा ३०० अंशांवरून येत होता, म्हणजे ३२ च्या (३२० अंशांच्या दिशेच्या) धावपट्टीशी जेमतेम २० अंशांचा कोन. ४८ नॉट्सलाही आडवा वारा १६ नॉट्सच्या आसपासच भरतो. आडवा वारा इथे धोका नव्हताच. धोका होता वातकर्तरीचा, म्हणजे उतरताना समोरचा वारा काही सेकंदांत पाठीमागून लागण्याचा. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलस-फोर्टवर्थजवळ डेल्टा १९१ अशाच खाली कोसळणाऱ्या झोतात सापडून पडलं. त्यानंतर वातकर्तरीचं प्रशिक्षण आणि उपकरणं जगभर आली. धावपट्टीवरच्या वाऱ्याला अशी चाळीस वर्षांची शिस्त आहे. एप्रनवरचा वारा मात्र बऱ्याच ठिकाणी अजूनही सुपरवायझरच्या अंदाजावर सोडलेला असतो.

परिणाम

पाऊस वीसेक मिनिटं पडला. १७:२४ ला विजेची मर्यादा उठली. चढणं लगेच सुरू करा, असा दबाव होता, कारण विमानात ५८ जण बसून होते. इन्चार्जने आधी पाहणी करायची ठरवली: एप्रनवर रांगेने चालून उडून आलेला कचरा वेचला, त्यात कोन, प्लास्टिक आणि पत्र्याचा एक तुकडा निघाला. एएमईने दोन्ही विमानांचं बाह्य निरीक्षण केलं, इंजिनांची तोंडं, पिटॉट नळ्या (वेग मोजणाऱ्या), हलणारे पृष्ठभाग, चाकं पाहिली. पुढच्या दरवाजाखाली पोचा आणि ओरखडा सापडला. दरवाजाच्या चौकटीभोवतीची रचना विमानाच्या आतला दाब पेलते. त्यामुळे दुरुस्ती पुस्तिकेतल्या मर्यादेत पोचा बसतो का, हे मोजल्याशिवाय विमान सोडता येत नाही. मोजमापात खोली मर्यादेबाहेर गेली. विमान थांबवलं, ५८ प्रवाशांना उतरवलं आणि सगळ्या १६४ जणांना रात्री उशिरा दुसऱ्या विमानाने पाठवलं.

दबावाखाली पाहणी वगळली असती तर पोचा कदाचित पुढच्या मुक्कामी लक्षात आला असता, तोही विमान दाबाखाली उडून गेल्यावर. धडक झाली हे दोघांनी पाहिलं होतं आणि लगेच सांगितलं. ते सांगायला घाबरले नाहीत, याचं श्रेय त्या पाळीतल्या वातावरणाला द्यायला हवं.

नंतर काय बदललं

संस्थेने वाऱ्यासाठी स्वतःचे तीन टप्पे ठरवले. आकडे त्यांच्या साधनांवरून काढलेले आहेत. दुसऱ्या ठिकाणी स्वयंचलित शिड्या किंवा वेगळं छत असेल तर ते बदलतील.

पहिला टप्पा इशारा आल्याबरोबर, आकाश निरभ्र असलं तरी. चालू उड्डाणाला न लागणारी प्रत्येक चाकांची वस्तू एका कोपऱ्यात न्यायची, एकमेकींना जोडायची, सगळ्या ट्रॉल्यांचे दांडे उभे आहेत हे हात लावून पाहायचं, ताडपत्र्या काढून गुंडाळायच्या, कोन रचून ठेवायचे. उभ्या विमानांना तिन्ही जागी चॉक. चार माणसांना बारा मिनिटं लागतात आणि एकाही उड्डाणाला उशीर होत नाही. "दर वेळी इशारा खोटा ठरतो" या तक्रारीवर हेच उत्तर आहे. पहिला टप्पा इतका स्वस्त ठेवायचा की वादळ चुकलं तरी कोणाला पश्चात्ताप होऊ नये.

दुसरा टप्पा २० नॉट्सचा झोत, किंवा वारा अचानक पडून दिशा बदलणं, किंवा रडारवर गाभा २५ किलोमीटरच्या आत. यांपैकी जे आधी होईल ते. नवीन बस सोडायची नाही, शिडीवर असलेल्यांना पूर्ण होऊ द्यायचं, इंधन थांबवायचं, शिड्या काढायला घ्यायच्या. त्या दिवशीच्या हिशोबाने हा टप्पा १६:२३ च्या सुमारास लागला असता. पहिली बस नुकतीच रिकामी होत असती आणि शिड्या काढायला तेरा मिनिटं मिळाली असती.

तिसरा टप्पा ३० नॉट्स किंवा आठ किलोमीटरच्या आत वीज: सगळे आत. या टप्प्यानंतर कुठलीही वस्तू वाचवायला बाहेर जायचं नाही.

शिडी काढण्याचा क्रमही बदलला. आधी टग जोडायचा, टगचालकाने ब्रेकवर पाय ठेवून हात वर करायचा, तो हात दिसल्यावर चॉक काढायचे, शेवटी जॅक उचलायचे. हाक मारायची नाही, हाताची खूणच, कारण हाक वाऱ्यात हरवते. हा क्रम शिडीच्या कठड्यावर रंगवून ठेवला आहे. वेळेत फरक दहा सेकंदांचा पडतो.

इशारे आता भारतीय वेळेत बदलून, "आज ४:१० ते ७:१०" असे मराठी-हिंदीत रेडिओवर वाचले जातात आणि रॅम्पवरून "मिळालं" असं उत्तर येईपर्यंत ऑफिस फोन ठेवत नाही. एप्रनवर एक हातातलं वातमापकही घेतलं. धावपट्टीचा आकडा खरा असला तरी इमारतीच्या कोपऱ्याजवळ आणि दोन विमानांच्या मधल्या पट्ट्यात वारा अरुंद होऊन वाढतो, आणि शिड्या नेमक्या तिथेच उभ्या असतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अॅप २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळातल्या विजा दाखवतं. बऱ्याच कामगारांच्या फोनवर ते आहे. त्याला अधिकृत सूचनेची जागा दिलेली नाही, पण ४० किलोमीटरच्या वर्तुळात विजा दिसू लागल्या तर कोणीही सुपरवायझरला सांगावं, असं ठरलं आहे.

पुन्हा हीच वेळ आली तर

१६:०५ ला उड्डाण थांबवणं गरजेचं नव्हतं, असं आमचं मत आहे. चाळीस किलोमीटरवरच्या वादळासाठी प्रवाशांना अडवलं तर महिन्याभरात इशाऱ्याची किंमतच संपेल. गरज होती ती पसारा आवरण्याची आणि चढण्याची एक शेवटची वेळ आधीच ठरवून ठेवण्याची: "१६:२५ नंतर नवीन बस नाही", एवढं एक वाक्य. वेळ आधी ठरलेली असली की धुळीची भिंत पाहत असताना वाद घालावा लागत नाही.

१६:३३ ला, आघाडी यायला तीनच मिनिटं असताना, शिड्या काढायला घेण्यापेक्षा पुढची शिडी जॅक टेकवून, चॉक ठोकून, दरवाजा बंद करून तशीच सोडणं अधिक सुरक्षित ठरलं असतं का? यावर पुनरावलोकनात बराच वाद झाला. जॅकवर टेकलेली शिडी ४८ नॉट्सला बहुधा जागेवर राहिली असती, पण विमान स्वतः वाऱ्याने डुलतं आणि शिडी डुलत नाही, त्यामुळे घासणं शक्य होतं. शेवटी ठरलं असं: पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असेल आणि टग जोडलेला नसेल तर शिडीला हात लावायचा नाही, प्लॅटफॉर्म हातभर मागे घेता येत असेल तर घ्यायचा, नाहीतर माणसं काढून घ्यायची.

पुढच्या जूनमध्ये याच टप्प्यांवर दोनदा काम झालं. एकदा वादळ उत्तरेकडून निघून गेलं, ट्रॉल्या बारा मिनिटांत पुन्हा कामाला लागल्या. दुसऱ्यांदा ३४ नॉट्सचा झोत आला. बस २० नॉट्सलाच थांबवली होती, शिड्या टगला जोडून लांब नेल्या होत्या, उड्डाणाला पंचवीस मिनिटं उशीर झाला. एक प्रश्न अजून सुटायचा आहे: दोन्ही शिड्या काढल्यावर आत बसलेल्या प्रवाशांसाठी दरवाजांच्या घसरपट्ट्या सज्ज ठेवायच्या की नाही. सज्ज ठेवल्या तर आग लागल्यास सुटका होते. पण वारा ओसरल्यावर शिडी परत लावताना कोणी विसरून दार उघडलं, तर घसरपट्टी खालच्या माणसावर फुगते. विमान कंपनीच्या केबिन विभागाबरोबर त्यावर बोलणी चालू आहेत. तोवर शिडी परत लावण्याआधी सुपरवायझर आणि केबिन प्रमुख यांनी खिडकीतून एकमेकांना अंगठा दाखवल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, असा तात्पुरता नियम आहे.